दोन चिमूट की वीस जायफळे?

२००८ साली स्वीडनमधल्या एका पाककृतींच्या मासिकात सफरचंदाच्या केकची कृती छापून आली. केकमध्ये दोन चिमूट जायफळपूड घालायची होती. छापताना मात्र ‘दोन चिमूट’च्या जागी ‘वीस जायफळे’ असे पडले. चूक ध्यानात आल्यावर मासिकाने खुलाशाची चिठ्ठी काढली, पण तोवर केक भाजले गेले होते. चार जणांना चक्कर आणि डोकेदुखी असा त्रास झाला, आणि शेवटी दुकानांतल्या सुमारे १० हजार प्रती परत मागवाव्या लागल्या.

पुरणपोळी किंवा श्रीखंडात जायफळ घालणाऱ्या कोणत्याही मराठी घरात ही बातमी वाचून कपाळावर हात मारला जाईल. किसणीवर जायफळ दोनदा घासले तरी पातेलेभर बासुंदीला पुरते, हे आपल्याकडे शाळकरी मुलीलाही माहीत असते. जायफळात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. थोड्या प्रमाणात ते निरुपद्रवी, पण चमचाभर पूड पोटात गेली तर मळमळ, धडधड, तोंडाला कोरड आणि कधी कधी भास होतात. हा अंमल दिवसभरही टिकू शकतो. वीस जायफळे म्हणजे साधारण शंभर ग्रॅम. ती किसायला किती वेळ लागला असेल! तरीही ती किसली गेली, कारण कृतीत तसे छापले होते.

खाद्यलेखनात उतरू पाहणाऱ्यांना सहसा ही गोष्ट कुणी सांगत नाही. आज या क्षेत्राकडे वळणारे पुष्कळ आहेत. गृहविज्ञान किंवा हॉटेल व्यवस्थापन शिकलेले, पत्रकारितेतून आलेले, नोकरी सोडून घरच्या स्वयंपाकाला शब्द देऊ पाहणारे. वर्तमानपत्राची पुरवणी, दिवाळी अंक, पुस्तक, चित्रफितींच्या संहिता, मसाल्याच्या पाकिटामागची कृती, उपकरणासोबत येणारी पाककृतींची पुस्तिका अशी कामेही वाढली आहेत. नवख्यांना मिळणारा सल्ला बहुतेक भाषेबद्दल असतो, फोटोंबद्दल असतो, वाचक कसे वाढवावेत याबद्दल असतो. तो चुकीचा नाही. पण पदार्थावरचे लेखन हे प्रवासवर्णनासारखे नुसते वाचून सोडून दिले जात नाही. कोणीतरी ते समोर ठेवून गॅस पेटवतो, आणि जे तयार होते ते घरातले लहान मूल, गरोदर सून, मधुमेही आजोबा असे सगळे खातात.

आपल्याकडे अन्नाबद्दलचे लेखन आणि आरोग्य यांची फारकत पूर्वी नव्हती. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठा दरबारात, राणी दीपाबाईच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात धान्ये, भाज्या, दूध, पाणी यांचे गुणदोष सांगितले आहेत. कोणता पदार्थ कोणाला मानवतो, याचाही विचार आहे. त्यातले सगळेच आजच्या विज्ञानाला पटणारे नाही. पण ‘हे खाल्ल्यावर काय होईल?’ हा प्रश्न लेखकाच्या डोळ्यांपुढे होता. छपाईच्या काळात पाककृती वेगळ्या झाल्या, आहारशास्त्र वेगळे झाले, आणि दोन्हींमध्ये एक भिंत उभी राहिली. नवख्या लेखकाला ती ओलांडावी लागते.

पहिली पायरी मापांची. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ साली बोस्टनच्या पाकशाळेचे पुस्तक लिहिले, तेव्हा सपाट चमचा आणि सपाट कप यांचा त्यांनी इतका आग्रह धरला की पुढे त्या मापांची आई म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. मराठीत तेच काम कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने केले. १९७० साली आलेल्या या पुस्तकात ‘अंदाजे’ हा शब्द मागे पडला आणि वाटी-चमच्याचे प्रमाण पुढे आले. लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या मुलींच्या सामानात हे पुस्तक जायचे ते त्यामुळेच. शेजारी विचारायला आई नसली तरी पदार्थ जमत होता.

तरीही वाटी ही वाटीच. घराघरांत ती बदलते. चमच्याची गंमत तर याहून मोठी आहे. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा, वाढायचा मोठा चमचा पंधराचा आणि ऑस्ट्रेलियात तोच मोठा चमचा वीसचा. ‘एक चमचा मीठ’ एवढेच लिहिले तर एक वाचक पाच-सहा ग्रॅम घालील, दुसरा त्याच्या तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला सुचवलेली मिठाची मर्यादा पाच ग्रॅमहून कमी आहे, हे ध्यानात घेतले तर फरक नुसता चवीचा उरत नाही. दोन-चार हजार रुपये पहिल्या कॅमेऱ्याच्या दिव्यावर घालवण्याआधी ग्रॅममध्ये मोजणारा एक छोटा काटा घेतलेला बरा.

आपल्याकडचे आणखी एक लाडके माप म्हणजे शिट्टी. ‘तीन शिट्ट्या करा’ हे वेळेचे माप नव्हे. कुकरचा आकार, त्यातले पाणी, आच आणि शिटीचे वजन यांवर दोन शिट्ट्यांमधले अंतर ठरते. कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते, आणि म्हणून डाळ लवकर शिजते. त्या तापमानाला किती मिनिटे, हे खरे माप. उंचीवर उलटे घडते. दर तीनशे मीटरमागे पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास एक अंशाने उतरतो. लेहमध्ये उघड्या पातेल्यात उकळणारे पाणी ९० अंशांनाही पोहोचत नाही, तिथे हरभरा कितीही वेळ ठेवला तरी टणकच. कुलाब्यात बसून लिहिणाऱ्याला हे आपोआप सुचत नाही.

तापमान आणि वेळ यांचा हा हिशेब सर्वांत कठोर ठरतो तो राजम्याच्या बाबतीत. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. नीट न शिजलेले चार-पाच दाणेही काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब घडवू शकतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळावा. दहा मिनिटे तरी, आणि अर्धा तास असेल तर उत्तम. कुकरमध्ये हे सहज साधते. घोटाळा होतो तो मंद आचेच्या विजेवरच्या भांड्यांत. परदेशांतल्या मराठी घरांत ही भांडी सर्रास वापरली जातात, आता इकडेही मिळू लागली आहेत. त्यांतला राजमा ८० अंशांच्या आसपास तासन्‌तास राहिला, तर विषारीपणा कमी होण्याऐवजी कच्च्या दाण्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकतो, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवले आहे. दाणा तेव्हा दिसायला मऊ असतो. ‘कुकर नसेल तर मंद आचेवर रात्रभर ठेवा’ हे गोड वाटणारे एक वाक्य कुणाला तरी दवाखान्यात पोहोचवू शकते.

राजम्यावरून एका मोठ्या खाद्यलेखकाचीही आठवण होते. हॅरल्ड मॅगी हे मूळचे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, कीट्सच्या कवितेवर त्यांनी येल विद्यापीठात पीएचडी केली. प्राध्यापकी काही मिळेना. राजमा आणि भात आवडणाऱ्या एका मित्राने त्यांना विचारले, ‘कडधान्यांनी पोटात वायू का धरतो?’ मॅगी ग्रंथालयात गेले आणि अन्नविज्ञानाच्या नियतकालिकांत रमले. उत्तर होते कडधान्यांतल्या काही शर्करांत. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मेजवानी मिळते. त्या कपाटातून १९८४ साली ‘ऑन फूड अँड कुकिंग’ हे पुस्तक निघाले. अंड्याचा पांढरा भाग तांब्याच्या भांड्यात का घुसळतात, या जुन्या समजुतीवर मॅगींना विश्वास नव्हता. त्यांनी स्वतः करून पाहिले, फरक दिसला, आणि त्याच वर्षी सहकाऱ्यांसोबत ‘नेचर’मध्ये त्यावर निबंध लिहिला. ‘मांस आधी जोरदार आचेवर परतले की रस आत कोंडला जातो’ ही समजूत मात्र त्यांनी मोडून काढली. ती १८४७ सालापासून, युस्टुस फॉन लीबिग या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या शब्दावर पाकपुस्तकांत फिरत होती.

भारतात के. टी. अचया यांची वाटही अशीच. ते तेलांचे रसायनशास्त्रज्ञ. १९९४ साली भारतीय अन्नाचा इतिहास लिहून त्यांनी पुढच्या सगळ्या लेखकांची सोय केली. ‘खमंग’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. या तिघांपैकी कोणीही ‘खाद्यलेखक व्हायचे’ म्हणून निघालेले नव्हते. आपल्या विषयात पुरावा तपासायची त्यांना सवय होती, आणि तीच त्यांनी स्वयंपाकघरात नेली.

सध्या नवख्यांना सर्वांत मोह पडतो तो जुनी कृती ‘हेल्दी’ करण्याचा. लोणच्यातले मीठ निम्मे, तेल नावाला. इथे फार जपावे लागते. लोणच्यात मीठ चवीपुरते नसते, त्यावर लोणचे टिकते. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ हेच मुख्य परिरक्षक असेल तर ते किमान १२ टक्के हवे, असे भारतीय मानक आहे. ते कमी करायचे तर लिंबू किंवा व्हिनेगरचा आंबटपणा वाढवायला हवा, नाहीतर ‘फ्रिजमध्येच ठेवा, आठवड्यात संपवा’ असे स्पष्ट लिहायला हवे. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा प्रकार तर आणखी घातक. लसूण जमिनीतला, त्याला मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू चिकटलेले असू शकतात. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि आंबटपणाही नसतो, म्हणजे त्यांना हवे तसे घर. १९८५ साली कॅनडात व्हँकूव्हरच्या एका उपाहारगृहात, फ्रिजबाहेर राहिलेल्या अशा लसणीमुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. या विषाने पक्षाघात होतो, श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. आणि त्या तेलाला वास, रंग, बुडबुडे, काहीही लागत नाही.

याच जिवाणूमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तरी ‘बाळाचा पहिला खाऊ’ म्हणून येणाऱ्या कृतींत मध दिसतोच. फोडणीच्या भाताच्या कृतीची सुरुवातही ‘रात्रीचा उरलेला भात घ्या’ अशी असते. तो भात रात्री कुठे होता, हे त्यात लिहिलेले नसते. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष फोडणीच्या आचेने जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवलेला भात घ्या, एवढे वाढवायला अर्धी ओळ पुरते.

नावांचा गोंधळ हा आणखी एक खड्डा. जायफळाचे प्रकरण घडले त्याच २००८ साली, ऑगस्टमध्ये, ब्रिटनमधल्या एका नावाजलेल्या बल्लवाचार्याने एका मासिकात रानभाज्यांची शिफारस करताना एक वनस्पती कोशिंबिरीत घालायला सुचवली. तिला म्हणायचे होते ते चाकवत, तीच आपली ताकातली भाजी. छापले गेले ते खुरासनी ओव्याच्या झाडाचे नाव. दोन्हींची इंग्रजी नावे ऐकायला जवळची, पण खुरासनी ओव्यात भ्रम आणि झटके आणणारी अल्कलॉइड्स असतात. मासिकाला तातडीने इशारा द्यावा लागला, त्या गृहस्थांनी माफी मागितली.

महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर रानभाज्यांवर लिहायची आता लाटच येते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण या भाज्यांची नावे तालुक्यागणिक बदलतात. वनस्पतीचे शास्त्रीय नाव मराठी लिपीत का होईना द्यावे, ओळखीची खूण द्यावी, आणि खात्री नसेल तर ती भाजी लेखातून काढून टाकावी. ठाणे, पालघर, रायगडकडे जूनमध्ये येणारे शेवळे घ्या. ते सुरणाच्या कुळातले, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया अंगात बाळगणारे. नीट केले नाही तर घसा खवखवतो, ओठ चुणचुणतात. म्हणून जाणत्या बायका खालचा पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. बाजारात शेवळाच्या जुडीशेजारी काकडांचे वाटे असतात ते उगीच नव्हे. शहरातला लेखक ‘काकड मिळाली नाहीत तर वगळा’ असे लिहितो, तेव्हा त्याने कृतीतला ऐच्छिक मसाला वगळला असे त्याला वाटते.

आणि मग दावे. गूळ घातला की लाडू ‘शुगर-फ्री’ होतो, असे आजही छापले जाते. गूळ बहुतांशी साखरच आहे. त्यात थोडी खनिजे असतात, पण मधुमेही माणसाची रक्तशर्करा त्यानेही वाढते. पालकात भरपूर लोह, हा दुसरा. शंभर ग्रॅम पालकात सुमारे तीन मिलिग्रॅम लोह असते, आणि वनस्पतींतले लोह शरीर कमी प्रमाणात शोषते. वर लिंबू पिळले तर थोडे जास्त. याची पुढची गंमत अशी, की ‘एका शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकवले म्हणून पालकाचे लोह दहापट मोजले गेले’ ही गोष्टही पुराव्याशिवाय फिरत आली आहे. १९८१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या खुसखुशीत लेखाने ती लोकप्रिय केली, आणि पुढे २०१० साली मूळ शोधायला गेलेल्या अभ्यासकाला चुकलेले दशांश चिन्ह सापडलेच नाही. पोपाय पालक लोहासाठी खातो, हेही खरे नाही. १९३२ सालच्या चित्रपट्टीत तो ‘अ’ जीवनसत्त्वाचे नाव घेतो. म्हणजे गैरसमज खोडणाऱ्यांनीही एकमेकांचे वाचून लिहिले. भारतीय अन्नपदार्थांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ सालची अन्नघटक कोष्टके आहेत, त्यांत ५२८ पदार्थांचे विश्लेषण आहे. आकडा तिथून घ्यावा.

पाकिटांवरचा मजकूर लिहिणाऱ्याला तर कायदाही माहीत हवा. अन्नपदार्थ एखादा रोग बरा करतो, असा दावा २०१८ च्या भारतीय नियमांनुसार करता येत नाही. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने आरोग्यावर सल्ला देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनाही, आपला सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही हे उघड सांगायला लावले.

एवढे सगळे ऐकून कुणी घाबरण्याचे कारण नाही, कारण सुरुवात करायला प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती एक वही. एका पदार्थाची कृती लिहावी, तीनदा करावी, दर वेळी वजन, भांडे, आच आणि मिनिटे टिपावीत. मग ती कृती स्वयंपाकात बेताच्या अशा कुणाला तरी द्यावी, समोर गप्प उभे राहावे आणि तो कुठे थबकतो ते पाहावे. हे गप्प राहणे फार अवघड असते. ‘खमंग भाजा’ म्हणजे किती, ‘पाणी आटवा’ म्हणजे कुठवर, असे तो विचारणारच, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कृतीत जायला हवे. छापायला देण्यापूर्वी आकडे मोठ्याने वाचून घ्यावेत. चिमूट आणि नग यांतला फरक डोळ्यांतून सुटतो, तोंडातून सहसा सुटत नाही.

नारळाच्या वड्यांचा पाक घ्या. एकतारी पाक साधारण १०५ अंशांना येतो, गोळीबंद ११५ च्या आसपास. दहा अंशांत वडी पडते किंवा पडत नाही. बोटाने तार पाहणाऱ्या आजीला तापमापीची गरज नसते; तिची कृती लिहून घेणाऱ्या नातीला असते. आजी पातेले उतरवील तेव्हा तापमापी पाकात धरायची आणि आकडा वहीत टिपायचा, तारखेसह. चार वर्षांनी नगरहून एखाद्या वाचकाचा फोन आला की ‘तुमच्या वड्या काही थापल्या गेल्या नाहीत,’ तर वही उघडून विचारता येते, ‘पाक किती वेळ उकळला होता, आणि भांडे स्टीलचे की पितळेचे?’